मिस्त्रींचा गवाह

दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता, परभणीतल्या एका खरेदी-विक्री संघाची जीप सुरू झाली नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते सातवे वर्ष होते. त्याच दिवशी दुपारी नामांतराच्या मागणीसाठी कलेक्टर कचेरीवर मोर्चा होता. संघाच्या सचिवांना सेलूला कापूस खरेदीच्या मुहूर्ताला जायचे होते. ते पोहोचले नाहीत. जीपचा चालक तुळशीराम याने मोर्चासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती आणि ती नाकारली गेली होती. सायंकाळी पाच वाजता त्याच्या हातात निलंबनाचे पत्र पडले.

दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात पहिल्या पानावर, खालच्या बाजूला, अकरा ओळींची बातमी आली. ‘नामांतर मोर्चासाठी रजा नाकारल्याच्या रागातून चालकाने जीपची वायर तोडल्याचे समजते,’ असे तिच्यात होते. बातमी मी लिहिली होती. माहिती सचिवांनी फोनवर दिली होती. जीप मी पाहिली नव्हती. तुळशीरामला भेटलो नव्हतो.

ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे ते गृहस्थ त्या सकाळी साडेदहाला आमच्या कार्यालयाचा जिना चढून आले. गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत.

मिस्त्री मोटारींची वायरिंग करत. इंजिनाला हात लावत नसत. “इंजिन म्हंजे लोहारकाम,” ते म्हणत, “आपला धंदा करंटचा.” वय साठच्या आसपास. शिक्षण निजामाच्या काळात, उर्दू माध्यमात, सातवीपर्यंत. बोलणे मराठी, लिहिणे उर्दू. मराठी अक्षरे त्यांना येत नव्हती असे नाही, पण एका ओळीला चहा निवेपर्यंत वेळ लागे. म्हणून रोज सकाळी सून त्यांना पेपर वाचून दाखवी. निधनाच्या जाहिराती आणि बाजारभाव त्यांना नको असत. बाकी सगळे पान ते ऐकत, आणि मध्येच सुनेला थांबवून “हे कुणी बघितलं म्हणून लिवलंय?” असे विचारत. ही गोष्ट मला पुढे त्या सुनेनेच सांगितली. तोवर आम्ही बातमीदार रोज सकाळी कोणापुढे उभे केले जात होतो हे आम्हाला ठाऊक नव्हते.

स्टेशन रोडला त्यांचे पत्र्याचे शेड होते. गाडी ढकलत आणणारा माणूस आल्या आल्या सांगू लागे, की अमुक बंद पडले, तमुक बंद पडले. मिस्त्री हात वर करत.

“बंद काय हाय ते मला दिसायलंय. चालू काय काय हाय ते बोला.”

मग हॉर्न वाजतो का, दिवे लागतात का, स्टार्टर फिरतो का, अशी उजळणी होई. ती झाली की गाडी शेवटची ज्याने चालवली त्यालाच चालकाच्या जागेवर बसवत. मालक कितीही मोठा असो, तो बाहेर उभा. मिस्त्री स्वतः डाव्या सीटवर बसत, खडीसाखरेचा खडा तोंडात टाकत आणि डोळे मिटत. चालकाने काल काय काय केले ते त्याच क्रमाने करून दाखवायचे आणि बोलायचे. खडा विरघळेपर्यंत दुसऱ्या कोणी तोंड उघडायचे नाही. एकदा टोमॅटो भरलेल्या ट्रकचा मालक कासावीस होऊन म्हणाला, “मिस्त्री, चावा की ती साखर! माल नासायलाय!” मिस्त्रींनी डोळे न उघडता दुसरा खडा तोंडात टाकला.

शेडमध्ये ‘आपोआप’ हा शब्द चालत नसे. दिवा आपोआप विझला असे कोणी म्हटले की ते काम थांबवत. “आपोआप फकस्त केस पांढरे व्हतात. बाकी समदं कुणीतरी करतंय. मानूस न्हाई तर पानी, पानी न्हाई तर उंदीर.”

त्यांचे मुख्य हत्यार एकच. बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला दाभण. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा, दाभण वायरीला टोचायचे. करंट असेल तर दिवा लागतो. असा दिवा प्रत्येक वायरमनकडे असतो. मिस्त्री त्याला ‘गवाह’ म्हणत. कोणी घाईने निदान सांगू लागला की ते खिशातून तो बाहेर काढत. “आधी गवाह, मंग फैसला.”

त्यांची खरी ख्याती मात्र चोर स्विचबद्दल होती. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून त्या काळात तेवढाच उपाय होता. चावीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या वायरीच्या मध्ये एक खटका लपवून बसवायचा. तो बंद असेल तर चावी फिरते, स्टार्टर घरघरतो, पण ठिणगी पडत नाही आणि गाडी पेटत नाही. खटका बसवताना मिस्त्री शेडचे दार लावून घेत. जागा एकट्या मालकाच्या कानात सांगत. पुढे कोणाला सांगायचे ते मालकाने ठरवायचे. गावातल्या निम्म्या गाड्यांची गुपिते त्यांच्या डोक्यात होती आणि कागदावर एकही नव्हते.

एका बँक अधिकाऱ्याची फियाट होती. साहेब खटका बंद करून रेल्वेने औरंगाबादला गेले. घरी पाहुणे आले, गाडी हवी होती. बाई शेडवर आल्या.

“मिस्त्री, खटका कुठंय तेवढं सांगा.”

“साहेबांना इचारा, बाई.”

“ते औरंगाबादला आहेत.”

“मग गाडी बी औरंगाबादलाच हाय समजा.”

“अहो, मी बायको आहे त्यांची!”

“मला मान्य हाय, बाई. खटक्याला मान्य न्हाई.”

बाई संतापून गेल्या. साहेब परत आल्यावर दोघे मिळून शेडवर आले. मिस्त्रींनी साहेबांच्या कानात जागा पुन्हा सांगितली, साहेबांनी तिथेच ती बाईंना सांगितली. मिस्त्री म्हणाले, “आता बरोबर झालं. तुमची चीज, तुमी सांगितली.”

एवढ्या गाड्यांना खटके बसवणारा हा माणूस स्वतःच्या सायकलीला कुलूप लावत नसे. कोणी विचारले तर म्हणे, “चोरनारा बी कुठंतरी कामालाच जायला आसंल.” सायकल एकदा चोरीला गेलीही. तीन आठवडे ते चालत फिरले. मग दुसरी घेतली, आणि तिलाही कुलूप लावले नाही.

तर त्या सकाळी ते माझ्या टेबलापुढे उभे राहिले. हातात आमचा अंक होता.

“ही तुमी लिवली?”

“हो.”

“जीप बघितली?”

“नाही.”

“तुळशीरामला इचारलं?”

“नाही. सचिवांनी स्वतः सांगितलंय.”

“म्हंजे गवाह एकच. आन् त्योच फिर्यादी.”

शेजारच्या टेबलावरचे हसू मला ऐकू आले. संपादक आपल्या खोलीतून बाहेर आले. म्हणाले, “मिस्त्री, बसा. खुलासा पाहिजे असेल तर संघानं लेखी द्यावा, छापू.”

“खुलासा मागनं बघू, सायब. तुमचा पेपर सकाळच्या गाडीनं पिंगळीला जातो. तुळशीरामचं घर तिथं हाय. स्टेशनावर पोर्टरनं मोठ्यानं वाचला. त्याची बायको ज्यांच्या शेतावर जाती त्यांचा निरोप आला, आजपास्नं येऊ नको. तुळशीराम खाली उभा हाय, माझ्या सायकलीपाशी.”

संपादकांनी अंक घेऊन त्या अकरा ओळी पुन्हा वाचल्या. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या गावांतून दलित वस्त्या कशा जाळल्या गेल्या होत्या हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. नामांतराच्या रागाशी जोडलेली एक ओळ बौद्ध वस्तीतल्या एका घरावर टाकली तर ती कुठवर जाऊ शकते, हे मलाही माहीत होते. लिहिताना ते मनात आले नव्हते, एवढेच.

“ह्यांना पाठवा संगं,” मिस्त्री माझ्याकडे बोट करून म्हणाले. “बघू द्या. बघून परत तेच लिवलं तर मी पाया पडून जाईन.”

“जा,” संपादक मला म्हणाले.

सचिव दुपारी तीनला भेटले. जीप संघाच्या आवारात होती. आदल्या दिवशी एका गॅरेजवाल्याने ती पाहिली होती आणि करंट तुटला आहे, कोणीतरी वायर तोडली असणार, असे सांगितले होते. वायर कुठे तुटली हे त्याने शोधले नव्हते. जीपला चोर स्विच आहे हेही त्याला कोणी सांगितले नव्हते.

“मिस्त्री, आता काय बघायचं?” सचिव म्हणाले. “करंट येतच नाही.”

“कुठवर येत न्हाई?”

“म्हणजे?”

“येत न्हाई म्हंजे कुठवर येतो?”

सचिवांनी त्यांना बाजूला घेतले. ऐकू येईल एवढ्या अंतरावर मी होतो. जीपचा खटका मिस्त्रींनीच चार वर्षांपूर्वी बसवला होता. त्याची जागा सचिव आणि तुळशीराम या दोघांनाच माहीत होती, आणि संशयाचे तेही एक कारण होते. तो खटका पत्रकारासमोर उघडा करू नका, असे सचिवांचे म्हणणे होते.

“तुमची चीज हाय, तुमी न्हाई म्हनलं तर मी हात लावत न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “पर खटका मी उद्या दुसरीकडं बसवून देतो. ह्याची नोकरी दुसरीकडं बसवून देता का?”

सचिवांनी एकदा जीपकडे पाहिले. मग म्हणाले, “बघा.”

तुळशीराम मघापासून फाटकाशी उभा होता. पस्तिशीचा, सडपातळ माणूस. जीपमध्ये बसताना त्याने चप्पल बाहेर काढली. मिस्त्री डाव्या सीटवर बसले, खडा तोंडात टाकला, डोळे मिटले.

“बोल.”

“बसलो. डावा हात तुमच्या सीटखाली पेटीत घातला, खटका वर केला. चावी फिरवली. स्टार्टर मारला. घरघर झाली, पेटली न्हाई. खटका परत खालीवर केला. न्हाई.”

“ही कालची गोष्ट. परवा?”

“परवा पेटली. पर पेडगावच्या रस्त्याला दोनदा झटके मारले. सायबांना सांगितलं व्हतं.”

“बोलला होता,” सचिव म्हणाले. “मी म्हणालो, पेट्रोलमध्ये कचरा असेल.”

“त्याच्या आदल्या दिवशी?”

“एक झटका. बारीक.”

मिस्त्रींनी डोळे उघडले. खडा अजून तोंडात होता. “तोडलेली वायर आधी दोन दिवस झटके मारत न्हाई,” ते म्हणाले. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले.

ते खाली उतरले, डावी सीट उचलली. खाली हत्यारांची पेटी होती. जॅक, पाने, टॉमी. चालकाकडच्या अंगाला, पेटीच्या आत, खटका. मिस्त्रींनी गवाहाचा चिमटा जीपच्या लोखंडाला लावला आणि दाभण माझ्या हातात दिले.

“मी?”

“मी धरलं तर मी सांगितलं असं व्हईल. तुमी धरा.”

चावी चालू केली. चावीकडून निघणाऱ्या वायरीला दाभण टोचले. दिवा लख्ख लागला. खटक्यात शिरणाऱ्या वायरीला टोचले, लख्ख. खटका चालू स्थितीत होता. त्यातून बाहेर पडणाऱ्या वायरीला टोचले. दिवा लागला नाही. त्याच्या आतली तार तेवढी उदबत्तीच्या टोकासारखी लाल झाली.

“कुठवर येतो?” मिस्त्रींनी मला विचारले.

“खटक्यापर्यंत.”

“वायर तुटलेली दिसली?”

“नाही.”

त्यांनी खटका सोडवून कागदावर उघडला. आत तांब्यावर हिरवा गंज चढला होता. कडेला ओलसर, लाल लेप होता आणि त्यात तांदळाचा एक दाणा चिकटला होता. त्यांनी बोटाला लाल लावून पाहिले.

“हे कुंकू कुनी लावलं?”

सगळ्यांनी फाटकावरून बघायला आलेल्या संघाच्या वॉचमनकडे पाहिले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा त्यानेच केली होती. तो हात जोडून म्हणाला, “आमी न्हाई, मिस्त्री. हत्यारं काढून पाटावर मांडली, तिथंच पूजा केली. पेटीकडं कोन जातंय? आन् तुळशीराम तर तवा नागपूरला व्हता, दीक्षाभूमीला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला.”

मग सचिव म्हणाले, “मी लावलं.”

मिस्त्री त्यांच्याकडे पाहत राहिले.

“सगळे गेल्यावर,” सचिव म्हणाले. “गाडीची राखण तर हा खटकाच करतो. सगळ्या हत्यारांना कुंकू लागलं आणि त्यालाच नाही, हे काही बरं वाटेना. अक्षता टाकल्या. नारळाचं थोडं पाणी शिंपडलं.”

“थोडं?”

“वाटीभर.”

“सायब,” मिस्त्री म्हणाले, “त्यो राखनदार हाय, देव न्हाई. त्याला आंघोळ चालत न्हाई.”

वॉचमनने उपरण्यात तोंड लपवले. तुळशीराम हसला नाही. तो सीटवर बसून समोर पाहत होता.

“चूक माझी बी हाय,” मिस्त्री पुढे म्हणाले. “वरून रबर चढवाया पायजे व्हतं. मला वाटलं, पेटीत पानी कोन वततंय.” त्यांनी पॉलिशपेपरने तांबे घासले, खटका जोडला आणि तुळशीरामला मान हलवून खूण केली. जीप पहिल्याच स्टार्टरला पेटली. चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

“आता पत्र,” मिस्त्री म्हणाले.

“उद्या बघू. अध्यक्षांना विचारावं लागेल.”

मिस्त्री जीपच्या डाव्या सीटवर जाऊन बसले. तिथून हलले नाहीत. वीस मिनिटांनी सचिव आत गेले. टाइपरायटरचा आवाज आला. निलंबन मागे घेतल्याचे पत्र साडेपाचला तुळशीरामच्या हातात आले. त्याने ते दोनदा वाचले, चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवले, आणि मिस्त्रींना “जयभीम, येतो” म्हणून फाटकाबाहेर पडला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

कार्यालयात येऊन मी बातमी लिहिली. सचिवांची पूजा, वाटीभर पाणी, अक्षतेचा दाणा, सगळे लिहिले. मिस्त्री समोर बसून होते. मी वाचून दाखवली.

“पूजा काढा,” ते म्हणाले.

“पण ते खरं आहे, मिस्त्री. मी स्वतः पाहिलंय.”

“खरं हाय. पर उद्या गाव सचिवाला हासंल. मंग त्यो राग कुनावर काढंल? तुमच्यावर? त्याच्या हाताखाली तुळशीराम हाय. खटक्यात पानी गेलं, गंज चढला, तुळशीरामचा हात न्हाई. यवढं बास. आन् खटका बसवनाऱ्यानं रबर घातलं न्हवतं, ते लिवा.”

“तुमचं नाव घालू?”

“घाला की. नाव घातल्याबिगर कोन इस्वास ठेवतंय.”

“धंद्याला मार बसेल.”

“बसंल.”

ते जाताना दारातून परत फिरले. “जिथं पयली व्हती तितंच घाला. चौथ्या पानावर नगं.” दुरुस्त्या चौथ्या पानावर टाकण्याची आमची पद्धत त्यांना माहीत होती. संपादकांनी ती पहिल्या पानावर, त्याच जागी घेतली.

दोन दिवसांनी मी पिंगळीला गेलो. ज्यांनी शेतावर येऊ नको म्हणून निरोप धाडला होता त्या शेतकऱ्यांना आधी भेटलो. ते म्हणाले, “आमाला काय म्हाईत? पेपरात आलं व्हतं.” मग तुळशीरामच्या घरी गेलो. तो कामावर होता. त्याची बायको दारात ज्वारी पाखडत होती. मी कोण ते सांगितले. तिने सूप खाली ठेवले नाही.

“त्यांनी परत बोलावलंय का?” मी विचारले.

“बोलावलंय. पर मी आता दुसरीकडं जायलेय.”

“मी चूक केली होती. तेच सांगायला आलो.”

“ते मिस्त्री येऊन गेले काल,” ती म्हणाली. “तुमची बातमी मोठ्यानं वाचून घेतली त्यांनी, स्टेशनावर. पोर्टरला म्हनले, पयली वाचली तशीच वाच, आवाज बारीक करू नको.” मग तिने पाणी आणून दिले.

त्या बातमीनंतर चोर स्विचसाठी मिस्त्रींकडे येणारे कमी झाले. पुढचे महिनाभर ते सायकलीवरून एकेका मालकाला एकटे गाठत होते आणि प्रत्येक खटक्यावर सायकलच्या ट्यूबचे रबर चढवत होते. किती गाड्या झाल्या ते त्यांनी सांगितले नाही. मीही पाहिले नाही, म्हणून आकडा देत नाही.

पुढे अनेक वर्षे मी बातमीदारी केली. ‘समजते’ हा शब्द त्यानंतर मी वापरला नाही. नव्या बातमीदारांना कामाला लावताना मी त्यांना स्टेशन रोडच्या शेडवर पाठवत असे. मिस्त्री त्यांच्या हातात दाभण देत. त्यांनी माझ्यावर केलेले उपकार मी त्यांना एकदा बोलून दाखवले. तेव्हा ते एका ॲम्बेसेडरच्या डाव्या सीटवर होते. त्यांनी गप्प बसण्याची खूण केली, कारण खडा विरघळला नव्हता.

मिस्त्री वारले तेव्हा मी दौऱ्यावर होतो. सुनेने तार केली होती, ती मला तीन दिवसांनी मिळाली.

तुळशीराम त्याच संघात चालक म्हणून राहिला आणि वयोमानाप्रमाणे निवृत्त झाला. त्याच्या सेवापुस्तकात निलंबनाची नोंद नाही. सेवापुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिले आहे.